ब्लोअरची वामकुक्षी

वारज्यात ज्या जमिनीवर ती सोसायटी उभी आहे, ती आमची. म्हणजे होती. मी पिंपरीच्या कारखान्यात असताना थोरल्या भावाने मला न विचारता बिल्डरला सह्या करून दिल्या. भाऊ गेला, राग राहिला. आमच्याकडे उरला तो ओढ्याकाठचा एक तुकडा आणि त्यातली विहीर. वहिनी तिथे मेथी-कोथिंबीर लावायच्या आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर विकायच्या.

पुढे मी नोकरी सोडून सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवू लागलो. आयटीवाल्यांसाठी इमारती भराभर उठत होत्या. या सोसायटीचं काम मात्र मी मुद्दाम भांडून मिळवलं. तिथलं उरलेलं पाणी ओढ्यात जायचं, ओढा मुठा नदीत, आणि वाटेत वहिनींची विहीर.

टाकीत मैला खाणारे जिवाणू असतात. त्यांना ब्लोअरने सतत हवा द्यावी लागते. टाकी जिवंत असली की पाणी चहासारखं तपकिरी दिसतं आणि नांगरलेल्या मातीसारखा वास येतो.

एका सकाळी वहिनी घरी आल्या.

"भावजी, हिरीच्या पान्याला वास मारतोय. बाया मेथी हुंगून माघारी ठेवत्यात."

"बघतो."

"काय बघताय? बिल्डरचा मानूस परत आलता. इकून टाकते आता."

राहिलेला तुकडाही त्याच माणसाच्या घशात! दुपारीच सोसायटीत गेलो. ब्लोअर बंद, टाकी डांबरासारखी काळी. तडक सेक्रेटरींच्या दाराशी गेलो. दारावर पाटी होती, एक ते चार बेल वाजवू नये. मी वाजवली. निवृत्त गृहस्थ बनियनवर बाहेर आले.

"पाटी वाचता येत नाही आपल्याला?"

"येते. ब्लोअर कुणी बंद केला?"

"मी. दुपारी बंद असतो, हल्ली रात्रीही. विश्रांती नावाचा एक प्रकार असतो, कानावर आलंय का?"

"अहो, जिवाणू वामकुक्षी घेत नाहीत! गुदमरून मेले ते!"

"सुतक पाळू आम्ही. आपण ओरडू नका."

मी आवाज आणखी चढवणार, तेवढ्यात आतून कुणीतरी कण्हलं. सेक्रेटरींनी दार ओढून घेतलं.

"बायको आहे," ते हळू म्हणाले. "अर्धांगवायू. जेमतेम डोळा लागतो आणि खिडकीखालच्या त्या घरघरीने दचकून जागी होते."

आता भांडायचं कुणाशी? मी जिन्यावरच बसलो आणि मला जे येतं ते सुरू केलं.

"ब्लोअर पलीकडच्या भिंतीला नेतो. खाली रबर, वर आवाज दाबणारी पेटी. त्यांची झोप मोडली तर खुशाल बंद करा. नाही मोडली, तर त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही."

"आणि समितीची मंजुरी?"

"ती तुम्ही आणायची. भांडण तुम्हाला शिकवायला नको."

"हे कौतुक समजू?"

"घासाघीस समजा."

मंजुरी आली, ब्लोअर हलला. टाकी पुन्हा जिवंत करायला शेणकाला लागतो. म्हैस वहिनींची. त्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आल्या, तर वॉचमनने फाटकातच अडवलं. सह्या झाल्यापासून त्यांनी त्या फाटकाच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. मी वॉचमनवर धावून गेलो.

सेक्रेटरी खाली आले. "सोडा त्यांना. पाहुण्या आहेत."

"पाहुण्या? पाहुणे तुम्ही!"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "मान दुखाय लागली. भांडान मागनं करा."

टाकी सावरायला वेळ लागला. आधी काळेपणा गेला, मग वास. विहिरीचं पाणी निवळायला त्याहून जास्त. बिल्डरचा माणूस पुन्हा आला, तेव्हा वहिनी फाटकाशी विकायला बसल्या होत्या.

"काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"म्हनलं, मेथी घ्यायची तर घे. जागा आडवू नगं."

सह्यांचा राग अजून आहे, तो काही जात नाही. दुपारी तिकडून जाताना मात्र पेटीवर हात ठेवून बघतो. आत थरथर लागते. सेक्रेटरींची खिडकी उघडी असते. मी बेल वाजवत नाही.