नलूताई हिमनदीवर गेली नाही

सकाळी शहनाजचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी चहा घेत होतो. शहनाज ही रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात नलूताईच्या शेजारी राहणारी. दोन घरांच्या मधे एकच भिंत. ती म्हणाली, "भाऊ, बाई उठत नाय. हाक मारली, हलवून बघितलं... तुम्ही याच." मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं त्यांनी सांगितलं. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी परत येताना रोह्याच्या पुलाच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला दिसला. निळसर बर्फाचा उतार, त्यावर लाल हेल्मेट घातलेली, हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड धरलेली एक बाई, आणि तिच्या धडावर नलूताईचा चेहरा. चेहरा शाळेतल्या निरोप समारंभाच्या फोटोतून कापून घेतला होता. धड कुणाचं ते माहीत नाही. खाली ओळ होती: 'नॉर्वेची हिमनदी सर करणाऱ्या आमच्या लाडक्या बाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.'

याला आता काही आठवडे झाले. फ्लेक्स अजून तिथेच आहे. त्यावरची ओळ खोटी आहे. नलूताई हिमनदीवर गेली नाही. तिला जाता आलं असतं, पण जाऊ दिलं गेलं नाही. कुणी दुष्टपणाने अडवलं असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं. तिला अडवलं ते फार प्रेमाने. ते कसं घडलं, हे एकदा सरळ लिहून ठेवायला हवं.

नलूताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. तिचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. वडील मिठागरावर कामाला होते. उधाणाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावरून ती शाळेला जायची. ओहोटीला चिखलात पडणारे वळणावळणाचे चर बघत ती इतका वेळ उभी राही की मावशी लांबून ओरडायची, "नलू, शाळा आज चिखलातच भरली काय गो?" पुढे तिने भूगोल घेतला, रोह्याच्या शाळेत लागली. सुरुवातीला पेणहून गाडीने ये-जा करायची. कासू स्टेशन गेलं की वह्या तपासायला काढायची आणि रोहा येईपर्यंत डोकं वर करायची नाही. नंतर अष्टमीत दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. तो विषय तिने कुणाला काढू दिला नाही.

हिमनदीचा धडा आला की ती पुस्तक मिटायची. खडू आडवा धरून फळ्यावर पांढरा पट्टा ओढायची, मग त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मग बोटाने तो पट्टा पुसत पुसत खाली आणायची. पट्टा गेला की मागे खोल, रुंद दरी उरायची. तीत ती निळ्या खडूने समुद्र भरायची. "झाला फियोर्ड. आपली खाडी म्हणजे फियोर्ड नाय हां. आपली चिखलाची, उथळ. हा बर्फाने कोरलेला." एका वर्षी मागच्या बाकावरच्या संजयने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलीय का हिमनदी?" वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "नाय बघितली. बघेन. आणि लांबून नाय, तिच्यावर उभी राहून बघेन." हा प्रसंग तिने मला सांगितला तेव्हा तिला त्या मुलाचा राग आला नव्हता, उलट कौतुक वाटलं होतं. इतकी वर्षं शिकवतेय, पण सरळ विचारणारा हा एकच निघाला, म्हणाली.

संजय पुढे कंपन्यांना कामगार पुरवणारा ठेकेदार झाला. पेणला त्याचं मोठं घर आहे. बाईंनी सत्तरी ओलांडली तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानेच कल्पना मांडली: बाईंना नॉर्वेला न्यायचं. दहा-बारा जण तयार झाले. नलूताई आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली, आणि हो म्हटल्यावर तिने चालण्याचा सराव सुरू केला. रोह्याच्या डॉक्टरांनी तपासून जायला हरकत नाही असं लिहून दिलं. तिची एकच अट होती. "सत्कार-बित्कार तिकडे नको. करायचा तर रोह्याला करा. तिकडे मला हिमनदीवर जाऊ द्या." संजय म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाल तसं." घरचं कुणी सोबत हवं म्हणून मी गेलो.

गाव फियोर्डच्या टोकाला. उतारावर लाकडी घरं, काहींच्या छपरांवर गवत वाढलेलं, धक्क्याला दोन बोटी, आणि घरांच्या मागे दोन डोंगरांच्या मधून खाली उतरलेली हिमनदीची जीभ. बोटीतून येताना नलूताई कठड्याला धरून उभी होती. उंचावरच्या एका दरीतून धबधबा थेट पाण्यात कोसळत होता. तिने माझा दंड पकडला. "विनू, ती लोंबकळती दरी. मी फळ्यावर काढायचे तेव्हा पोरं म्हणायची, दरी कधी लोंबकळते काय? बघ, लोंबकळतेय." पहिल्या दिवशी आम्ही धबधब्याखालच्या झुलत्या पुलावर गेलो, कड्यावरच्या सज्जात उभे राहिलो. तिथे मिळणारं बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज तिने खाऊन पाहिलं. "दुधाच्या खरवडीसारखं लागतंय, पण चांगलं आहे." रात्रीच्या जेवणाला कुणीतरी सुकटीची चटणी उघडली आणि हॉटेलच्या मालकीणबाईंनी काही न बोलता सगळ्या खिडक्या उघडल्या. सगळे हसले, नलूताईही. तो दिवस चांगला गेला. हे लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमनदीवर जायचं होतं. वाटाड्याशिवाय बर्फावर कुणाला सोडत नाहीत. बुटांना खाली लोखंडी काटे बांधायचे, सगळ्यांनी एका दोराला अडकून घ्यायचं आणि ठरल्या वेळी निघायचं, कारण दुपारनंतर वर धुकं उतरतं. नलूताई सगळ्यांच्या आधी तयार होऊन खाली आली. हॉटेलच्या हिरवळीवर तेव्हा खुर्च्या मांडल्या जात होत्या. दोन खांबांना फ्लेक्स बांधलेला होता; तो पेणला छापून सामानातून आणला होता. छोटा स्पीकर होता, फेटे होते, शाल होती, मानचिन्ह होतं, आणि नारळही होता. संजय पुढे आला आणि म्हणाला, "बाई, सरप्राइज. पाच मिनिटं फक्त."

तिने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खुर्चीत बसली. फोटोत मागे हिमनदी यायला हवी म्हणून तिची खुर्ची हिमनदीकडे पाठ करून ठेवली होती.

पुढचं मी समोर उभं राहून पाहिलं. सूत्रसंचालन झालं, प्रास्ताविक झालं. बाईंना फेटा बांधला गेला. जाड जाकिटावर शाल आली, मांडीवर नारळ आला. मग मनोगतं. प्रत्येकाने हिमनदीचा धडा आठवला. खडू कसा आडवा धरायच्या, पट्टा कसा पुसायच्या... वाटाडी मुलगी हिरवळीच्या कडेला येऊन उभी राहिली. खांद्यावर दोर होता. तिने इंग्रजीत विचारलं, अजून किती वेळ? मी संजयजवळ जाऊन सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, बाईंचा मान आहे. मधेच उठवायचं कसं? तिला सांगा ना, थांब म्हणावं. आपण ग्रुप बुकिंगवाले आहोत." ती थोडी थांबली. पुन्हा आली. मी पुन्हा गेलो. तेव्हा संजयच्या हातात माइक होता आणि तो सांगत होता की लहानपणी त्याने बाईंना विचारलं होतं, बाई, तुम्ही बघितलीय का हिमनदी? टाळ्या पडल्या. ओसरीत कॉफी पीत बसलेल्या दोन-तीन परक्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. वाटाडीने घड्याळ पाहिलं आणि थांबलेल्या दुसऱ्या लोकांना घेऊन ती निघाली. पायवाटेने वर चढणारी ती माणसं मला दिसत होती. नलूताईला दिसत नव्हती.

आभारप्रदर्शन झालं. नलूताई उठली आणि वळली. बर्फाच्या कडेला एका ओळीत काही ठिपके सरकत होते. तिने फेटा काढला, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल." आम्ही वाटाड्यांच्या खोपटापर्यंत चालत गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं, आजची फेरी गेली, पुढची उद्या सकाळी. उद्या पहाटेच आमची बस होती. "त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने धुकं खाली आलं आणि ठिपकेही दिसेनासे झाले. संध्याकाळी सगळ्यांनी तिला पाहणीच्या जागेवर नेलं, दुर्बीण दिली. धुकं मधेच फाटलं. संजयने विचारलं, "दिसली ना बाई?" ती म्हणाली, "दिसली." त्याचा चेहरा उजळला. त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं.

मी तिला विचारलं, उठली का नाहीस? सरळ उठून निघून जायचं. ती खोलीत पलंगावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. "कशी उठू? गॅदरिंगला मीच सगळ्यांना दम द्यायचे. आभार झाल्याशिवाय जागचं हलायचं नाय. ज्याचा मान असेल त्याने तर मुळीच नाय. मीच शिकवलंय त्यांना, विनू." असं म्हणून तिने सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला. मला तेव्हा ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. तिने मुलांना बसायला शिकवलं होतं, तसंच विचारायलाही शिकवलं होतं. तिने स्पष्ट सांगितलं होतं, तिकडे सत्कार नको. ते कुणी ऐकलं नाही, कारण आपल्याकडे ज्याचा मान करायचा त्याला काय हवं हे विचारायची पद्धत नाही. त्याला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली की आपलं काम झालं. मग तो माणूस तिथे आहे की नाही, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं.

परत आल्यावर लोक विचारायचे, बाई, बर्फावर कसं वाटलं? ती सांगायची, "बर्फावर नाय गेले. माझा सत्कार चालला होता." लोक हसायचे. बाई गमतीने बोलतात, असं त्यांना वाटायचं. तिने सत्काराची तीन-चार निमंत्रणं नाकारली, मग लोकांनी विचारणं सोडलं. पण तिचं चालणं थांबलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. तसबिरीला हार होता आणि खुर्चीवर शाल होती. खुर्चीवर शाल कुणासाठी, ते मला कळलं नाही. वक्त्यांनी सांगितलं, बाईंचं स्वप्न त्यांच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलं. सभा संपल्यावर मी संजयला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तो पुलाजवळचा फ्लेक्स काढ. ती बर्फावर गेली नव्हती, तुला माहीत आहे. त्याचे डोळे सुजलेले होते. तिरडीला खांदा देताना तो सर्वांत पुढे होता आणि घाटापर्यंत त्याने खांदा बदलला नव्हता. तो म्हणाला, "काका, बाई गेल्या असत्या तर किती छान झालं असतं. लोकांना तेच लक्षात राहू द्या ना." मी म्हटलं, "संजय, ती गेलीच असती." तेवढ्यात कुणीतरी त्याला बोलावलं आणि तो गेला. त्याच्या रडण्याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच राग उतरत नाही.

परवा तिच्या खोल्या आवरायला अष्टमीत गेलो. ऊन कललं तशी शहनाज दारात आली, पायात जाडजूड बूट. म्हणाली, "किल्ली आमच्या घरात द्या भाऊ, मी फिरायला चालले." मी बुटांकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "बाईंचे हायत. माझ्या मापाचे. परत आल्यापासून आम्ही दोघी रोज जायचो, पूल वलांडून, नदीकाठानं, चढावर. बाई बोलायच्या, येत्या उन्हाळ्यात आपन दोघीच जाऊ. तुझा पोरगा कुवेतवरून तिकिटं काढून देईल. एक सीट तुझी, एक माझी, तिसरं कोन नाय." तिने वाकून बुटाची नाडी घट्ट केली. "मी बोलले, बाई, मला काय समजतंय त्यातलं? त्या बोलल्या, तुला समजायला नको गो, नुसती उभी राहा."

"आता?" मी विचारलं.

"आता काय, जानार मी. तिकडं मला कोन वळखतंय? सरळ चालत जाईन." ती दोन पावलं गेली आणि परत वळली. "तुम्ही पेपरात लिवताय ना बाईंवर? लिवा. पन त्या गावाचं नाव नका घालू भाऊ. नायतर ही मानसं नारळ घेऊन तिथं आधीच येऊन बसतील."

त्या गावाचं नाव या लेखात कुठेही लिहिलेलं नाही.