आम्ही मूल बघायला आलोय

दत्तकाच्या ऑफिसात नोकरी केली म्हटलं की लग्नकार्यात कुणी ना कुणी गाठतंच, "काही किस्से सांग ना!" मी एक सांगायला घेते, तोवर दुसरा येऊन मांडीवर बसतो. ऐंशीच्या दशकात घाटकोपर पूर्वेला, एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. पुढे दोन टेबलं, मागे बाळांची खोली आणि सगळ्यांच्या वर आमच्या प्रमुख लिमयेबाई. मी सोशल वर्कर. बाईंचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. आम्ही त्यांना जाम टरकून असायचो आणि त्यांच्यावर जीवही टाकायचो.

*

बाळांच्या खोलीत एकच मूल असं होतं, जे बाळ नव्हतं. मंगल, वय वर्षं साडेपाच. रंग काळासावळा, आवाज खणखणीत. लायसन्सप्रमाणे आम्हाला सहा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवता यायची. सहा पूर्ण झाली की तिची रवानगी मुलींच्या मोठ्या आश्रमात, आणि तिथून पुढे आईबाप मिळणं जवळजवळ अशक्यच. त्यामुळे आम्हा सगळ्यांचा एक डोळा कायम कॅलेंडरवर असायचा.

एकदा मुलुंडहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको, आत्याबाई, काका, काकू आणि पेढ्यांचा पुडा. "आम्ही मूल बघायला आलोय!" जरा मोठं असलं तरी चालेल म्हणाले, म्हणून मी मंगलला इस्त्रीचा फ्रॉक घालून, वेण्या घट्ट बांधून बाहेर आणलं.

आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रंग जरा... असू दे. चालून दाखव बघू."

आणि ती बिचारी चाललीसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लिमयेबाई शांतपणे उठल्या. "छान. आता तुम्ही चालून दाखवा. तो दरवाजा दिसतोय ना, तिथपर्यंत!"

घाईत पेढे इथेच राहिले. मंगलने चार खाल्ले.

*

बोरिवलीच्या एका बाईंचं घर बघायला गेले होते. घर झकास, नवरा-बायको सज्जन. फक्त बाईंना दिवस गेले होते! म्हणजे पोटाला उशी बांधलेली. बाळ गुपचूप आणायचं आणि सोसायटीला सांगायचं, आमचंच. मी तशीच बाहेर पडले. जिन्यात शेजारणीने गाठलं.

"तुम्ही दत्तकवाल्या ना? लवकर द्या हो त्यांना बाळ."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, सोमवारी पोट डावीकडे होतं, काल उजवीकडे! सगळ्या बिल्डिंगला माहितीय. पण बिचारी एवढ्या उकाड्यात उशी बांधून फिरते, बोलायचं कसं?"

लिमयेबाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं. "बाळ देईन. पण मोठं झाल्यावर त्याला खरं सांगायचं. तो त्याचा हक्क आहे. आणि सुरुवात आजपासून. उशी टेबलावर ठेवा!"

बाईंनी खरंच ठेवली. बाळ मिळालं, बिल्डिंगने बारसं दणक्यात केलं, आणि ती उशी पुढे कित्येक वर्षं माझ्या खुर्चीवर होती. पाठीला बरी पडायची.

*

अंधेरीचे एक बँक ऑफिसर चक्क टाइप केलेली यादी घेऊन आले. गोरा वर्ण, सरळ नाक, घारे डोळे असल्यास उत्तम, गणितात हुशार, पत्रिका जुळणारी. आमची मंगल त्यातल्या एकाही ओळीत बसत नव्हती. एकीकडे बरं वाटलं, पण कॅलेंडरची पानं उलटतच होती.

बाईंनी यादी दोनदा वाचली. "पोटचं मूल झालं असतं, तर ही यादी कुठे दिली असतीत?"

मिसेस हळूच म्हणाल्या, "सासूबाईंना परत. त्यांनीच केलीय!"

*

दत्तक ठरेपर्यंत काही बाळं आम्ही घरगुती सांभाळायला द्यायचो. खोलीत रांगेने निजण्यापेक्षा कुणाच्या तरी कडेवर वाढलेली बरी. चेंबूरच्या मालतीमावशी यात उस्ताद. त्यांच्याकडचं एक बाळ एका डॉक्टरबाईंकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन. बाळ तोंडच उघडत नाही! मावशी नेमक्या समोर बसलेल्या, तीन दिवस रडून डोळे सुजलेले. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढला.

"कशाने भरवताय?"

"चमच्याने. उकळून घेतलेल्या."

"अहो, बोटाने भरवा! पोरगं काय हॉटेलात बसलंय?"

तासाभरात फोन आला, वाटी चाटूनपुसून संपली. "खाल्लं? म्हणजे विसरलं मला," असं म्हणून मावशींनी डोळे पुसले आणि त्याच दमात मला विचारलं, "दुसरं कधी देतेस?"

*

मग परब आले. कांजूरमार्गला राहणारे, साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर. लग्नाला बारा वर्षं झालेली, हवं होतं तान्हं बाळ. नवरा-बायको बाकावर बसलेले आणि मंगल थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी.

"बाळं आत आहेत. पण झोपलीयत. आणि त्यांना बोलता येत नाही."

"आणि तुला?" परबांनी विचारलं.

"मला बोलता येतं. चहातून बिस्कीट न तोडता काढता येतं. चालताना मी पडत पण नाही."

परब बायकोकडे वळले, हीच पोर हवी म्हणून. "गो, माका ह्यांच चेडू होया."

"मग बाईंका सांगा! माज्याकडे काय बगतास?"

लिमयेबाईंनी दोघांना तासभर पिळून काढलं. शेवटी स्वतःच म्हणाल्या, "मुलीची जात नाही विचारलीत?"

"विचारली तर सांगणार तुम्ही?"

"नाही."

"मग टाइम कशाला खोटी करायचा!"

बाईंनी पुढचा प्रश्न न विचारताच फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

*

परबांचं घर बघून झालं, मंगल त्यांच्याकडे राहायलाही गेली. पण कागदोपत्री ती आमचीच. कोर्टाची ऑर्डर होईपर्यंत काहीच पक्कं नाही आणि कोर्ट तारखेवर तारीख देत होतं. तिचा सहावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला. ऑर्डर झाली नसती तर नियमाने तिला परबांच्या घरातून काढून आश्रमात पाठवावं लागलं असतं, आणि ते काम माझं होतं. मला जेवण जाईना.

शेवटी फोर्टातल्या कोर्टात जजसाहेबांनी आम्हाला चेंबरमध्ये बोलावलं. साहेब कडक म्हणून प्रसिद्ध. टेबलावर फायलींची चळत. मी, लिमयेबाई आणि परब नवरा-बायको, चौघंही शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे, मंगल आमच्या पुढ्यात. परबांचं लक्ष सारखं घड्याळाकडे, बायको तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतेय. आणि लिमयेबाई, कधी नव्हे ते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

साहेबांनी मंगलला जवळ बोलावलं. "घाबरू नकोस हं. नाव काय तुझं, बाळ?"

"मंगल गणपत परब!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं नाही सांगायचं इतक्यात. अजून ऑर्डर झालेली नाही."

मंगलने एकदा फायलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हातातल्या पेनाकडे.

"मग करा ना! बाबांना सेकंड शिफ्टला जायचंय!"