तुतीची साल आणि ताईची हळद

परभणीच्या एका फार्मसी कॉलेजात मी पीएच.डी. करते. कातडीचा काळेपणा कमी करणारे घटक झाडपाल्यात शोधायचे, हा माझा विषय. जिंतूरकडं भावानं रेशमासाठी तुती लावली आहे. तिच्याच मुळांची साल वाळवून मी अर्क काढला. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, त्याच जातीच्या एन्झाइममुळं कातडीत रंग तयार होतो. माझ्या अर्कानं ते अडवलं. नळीतलं पाणी तपकिरी व्हायचं, ते फिकटच राहिलं. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले.

घरी मात्र त्याचं लगेच ‘गोरं करायचं औषध’ झालं. ताईचं लग्न ठरलं तशी ती मागंच लागली, हळदीत तुझा अर्क कालव म्हणून. अजून माणसांवर तपासलेला नाही, असं बजावलं तर फुगून बसली. मला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं भारीही वाटलं. आपल्या कामाला कुणीतरी विचारतंय, म्हणून.

आईला कोड आहे. हातांवर, मानेवर पांढरे चट्टे, मधूनमधून मूळचा सावळा रंग. कोड शिवल्यानं लागत नाही, हे मी घरात कितीदा तरी सांगितलंय. तरी हळदीच्या दिवशी आत्यानं आईला स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं. नवरदेवाकडची माणसं आलीत, त्यांच्यासमोर नवरीला तो हात नको, म्हणाली. मी तिथंच उभी होते. एरवी आत्याशी कडाकडा भांडणारी मी, पण तोंडातून शब्द फुटला नाही. जमलेलं लग्न मोडलं तर, ही धास्ती मलाही होतीच.

आई वाटीत हळद कालवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “तुज्या त्या औषिधानं माजं राह्यलेलं काळं बी जाईल का गं? समदी एका रंगाची झाले, तर तुज्या हळदीला तरी भायेर यीन म्हणते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळं घालवायच्या वाटा मी इतकी वर्षं धुंडाळल्या. तिचा गेलेला रंग परत कसा येईल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

बाहेरून कुणीतरी हळद मागितली. आईनं पदराला हात पुसले आणि वाटी माझ्याकडं सरकवली. मी ती उचलली आणि बाहेर नेऊन आत्याच्या हातात दिली.