बिनविरोध होता होता राहिलेली निवडणूक

गाडी फरीदाबादवरून धडधडत गेली, पण थांबली नाही. कारखान्यांची धुरांडी दिसली, धुळकट आभाळ दिसलं, आणि धाकट्या बहिणीचं गाव मागे पडलं. दिल्लीला निजामुद्दीनवर उतरून आधी रिक्षा, मग मेट्रो असं करत मी पुन्हा तेवढंच अंतर उलटा आलो. साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापकाला दिल्लीनं पहिल्याच दिवशी द्राविडी प्राणायाम घडवला.

मी आलो होतो कुंदाला समजवायला. ती इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. मेहुणे काही वर्षांपूर्वी गेले, मुलगा बंगळुरूला. त्याचाच फोन आला होता, "मामा, आईनं आमदारकीचा फॉर्म भरलाय. आत्ताच्या आमदाराच्या विरुद्ध! बाकीचे सगळे विथड्रॉ करतायत यार. ती बिल्कुल ऐकत नाहीये. तू जाऊन बोल ना."

कुंदा स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. रस्त्यातल्या खांबाखांबावर आमदाराचा हात जोडलेला हसरा चेहरा. दुसरा चेहरा औषधालाही नव्हता.

तिचं घर शहरानं गिळलेल्या एका जुन्या गावाच्या कडेला आहे. पुढे गावातल्या जमीनदारांची मोठी घरं, मागच्या गल्लीत कारखान्यातल्या मजुरांच्या भाड्याच्या खोल्या. बिहार, ओडिशा, बंगाल, सगळीकडची माणसं. गल्लीच्या नळाला गटाराचा वास मारणारं पाणी येतं. टँकर आला तर आला.

रात्री जेवताना मी विषय काढला. ताटात वरणभात आणि शेजारणीनं दिलेली कढी होती.

"कुंदे, तू निवडून येणार आहेस का?"

"छे!"

"मग हा खटाटोप कशाला?"

"दादा, एकच उमेदवार उरला तर मतदान होतच नाही. तो आपोआप आमदार. या गल्लीत कोणी मोठा माणूस येतो तो फक्त इलेक्शनला. मत मागायलाच कोणी आलं नाही, तर या बायकांनी पाणी कोणाकडे मागायचं? मी हरेन, मला माहितीये. पण मतदान झालं पाहिजे."

वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं तिनं सांगितलं. मी आणखी भात मागून घेतला.

दुसरा दिवस अर्ज मागे घेण्याचा शेवटचा. सकाळी गावातली पाच-सहा वृद्ध माणसं आली. पांढरी धोतरं, डोक्यावर पगड्या. पुढे होते चौधरी, गावातले सर्वांत वडीलधारे. विधवा बाईच्या वतीनं तिच्या पीहरनं (माहेरनं) बोलायचं असा त्यांचा रिवाज, म्हणून ते थेट माझ्यासमोर बसले. आमदार त्यांच्याच गावचा. बिनविरोध निवडून आला तर मंत्री होईल, अशी गावाला आशा.

"मास्टर जी," चौधरी म्हणाले, "पूरा हलका (मतदारसंघ) एक हो रया सै. बस थारी बहन रह गई."

एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची पगडी काढली आणि माझ्या पायांशी ठेवली.

मी गडबडलो. ऐंशीच्या घरातला माणूस, उघडं डोकं, आणि पगडी फरशीवर! "अहो, हे काय करता!" म्हणत मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि अदबीनं त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्याबरोबर सगळे उठले. कोणी मला मिठी मारली, कोणी तोंडात लाडू कोंबला. चहाचा ट्रे घेऊन कुंदा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "पगडी उचलून डोक्यावर ठेवली म्हणजे मागणं मान्य. शब्द दिला. तू मुद्दाम केलंस ना, दादा?"

"आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं!"

"हात लावायचा नव्हता. नुसतं बसून राहायचं होतं."

तिनं पर्स घेतली आणि अर्ज मागे घ्यायला निघाली. "इथंच राहायचंय मला. शब्द मोडणाऱ्या घराशी कोण बोलेल?" उंबऱ्याशी मात्र थांबली. "मागच्या गल्लीतल्या बायकांना काय सांगू?" म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ज्यासाठी मी आलो होतो ते आयतंच झालं होतं, आणि मला अतोनात वाईट वाटत होतं.

"शब्द माझा होता," मी म्हणालो. "मोडायचा तर मीच मोडतो. तू घरात बस."

चौधरींच्या बैठकीत (पुरुषांच्या ओसरीत) हुक्का चालला होता. त्यांनी मला खाटेवर बसवून हातात ताकाचा पेला दिला. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "चौधरी साहब, गलती हो गया. हमारे यहाँ बुजुर्ग का पगड़ी नीचे रहने नहीं देते, इसलिए उठाया. बहन का हाँ नहीं है."

हुक्क्याची गुडगुड थांबली. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मेरी पगड़ी तो ज़मीन पै ही रह गई, मास्टर," ते हळू आवाजात म्हणाले. "लड़ लेण दे अपनी बहन नै. पर आज पाछै तेरी-म्हारी राम-राम ना सै." म्हणजे बोलणंचालणं संपलं. ताक तसंच ठेवून मी उठलो. इतकं अपमानित मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यांनी तर आवाजही चढवला नव्हता.

कुंदानं अर्ज कायम ठेवला. चौधरींच्या गोठ्यातून येणारं दूध दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि तिच्याबरोबर दारोदार हिंडलो. तिला चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणि एक दिवस आमदार खरंच मागच्या गल्लीत आला. हार, ढोल, पुढेमागे माणसं. फूलमती नावाच्या बिहारी बाईनं नळाचं पाणी पेल्यात भरून त्याच्यापुढे धरलं. "पीजिए," एवढंच म्हणाली. ढोल थांबले. तो पाणी प्यायला नाही, पण त्याला पेला हातात घ्यावा लागला आणि वास घ्यावा लागला. त्याच आठवड्यात पाइप टाकायला माणसं आली.

मतदानाच्या दिवशी गल्लीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या. मत देऊन फूलमती थेट कुंदाच्या घरी आली. बोटाच्या शाईकडे बघतच ती बोलली.

"दीदी, बुरा मत मानिएगा. वोट हम उसी को दिए. पाइप अभी आधा ही पड़ा है, आगे भी उसी से काम है."

कुंदानं तिला जवळ बसवलं. "सोचकर दिया ना?"

"रात भर सोचे."

"बस तो फिर," कुंदा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

निकाल मला साताऱ्यात कळला. आमदार प्रचंड मतांनी आला, कुंदाचं डिपॉझिट गेलं. इथे जो तो विचारतो, एवढं करून तुझ्या बहिणीनं मिळवलं काय? मी सांगतो, घरचं दूध गेलं, एका सज्जन म्हाताऱ्याचा रामराम गेला. आणि मिळवलं एवढंच, की फूलमतीनं रात्रभर विचार करून, स्वतःच्या मनानं, तिच्या विरोधात मत दिलं.