नुसत्या भाकरीचं ताट

चौथीच्या वर्गाला मी आहाराचा धडा शिकवला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंगलची आई वर्गाच्या दाराशी आली. चपला बाहेर काढून हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोरगी कालपासून जेवत नाही. म्हणती, नुसत्या चटणी-भाकरीनं डोकं चालत नाही. रोज दूध-अंडी मी कुठून आणू?"

धड्यातलं सगळं खरंच होतं. पण त्यातून मंगलला कळलं ते एवढंच, की आपल्या ताटात काय काय नाही.

मी तिला जवळ बोलावलं. "भाकरीतही ताकद असते, बाळा. पोटभर जेवत जा."

तिने विचारलं, "मग परीक्षेत तसंच लिहू का, बाई?"

तिची आई आशेने माझ्याकडे बघत होती आणि मला हो म्हणता येईना.