आबांचे सहा हजार

आबांनी आयुष्य सोनगीरला शिलाई मशीनवर बसून काढलं. दुकान बंद केलं तेव्हा साखर वाढली होती आणि चालायची सवय नव्हती. आई गेल्यावर ते एकटेच राहत. मी जळगावला नोकरीत, महिन्यातून एकदा जायचे. म्हणून मागच्या दिवाळीत त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, चांगले बूट घेतले. पावलांचा आकडा माझ्या फोनवर दिसायचा. रोज सहा हजार, असं ठरलं.

आबा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. आकडा पुरा दिसला की मी अंगठ्याचं चित्र पाठवायचे. हळूहळू फोन करणं कमी झालं. आकडा बघितला की बोलल्यासारखंच वाटायचं.

होळीच्या सुमारास एक दिवस आकडा निम्म्यावर थांबला. मी फोन केला.

"आबा, आज कमी का?"

"मोजा वला व्हस," ते अहिराणीत म्हणाले. मोजा ओला होतोय.

"घाम असेल. दुखतंय का?"

"नही. दुखस बिखस काहीच नही."

"मग आळस नका करू."

"सकाय भरी काढसू," ते म्हणाले. उद्या भरून काढतो.

दुसऱ्या दिवशी नऊ हजार झाले. ऑफिसात मी तो आकडा सगळ्यांना दाखवला.

आठवड्याने शेजारच्या अक्कांचा फोन आला. आबांच्या घरात वास येतोय, पण ते पाय दाखवत नाहीत. मी लगेच निघाले. आबा खाटेवर बूट घालूनच बसले होते. बूट काढला, पण मोजा निघेना. तो टाचेच्या जखमेला चिकटला होता. त्यांना ते कळलंच नव्हतं. साखरेने पायातली जाणीव कधीच गेली होती.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांचे पाय रोज कोण बघत होतं?"

"मी जळगावला असते," एवढंच मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुखत नाही म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता आबा माझ्याकडेच असतात. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. परवा गावाकडचे पाहुणे भेटायला आले होते. मी आत चहा गाळत होते. बाहेर आबा त्यांना सांगत होते, "पोरीनी मनी भलती काळजी लिधी." पोरीने माझी खूप काळजी घेतली.

चहा निवला तरी मला बाहेर जाववेना.