चोरांनी न नेलेला बोर्ड

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे सर्किट बोर्ड कमी आणि किस्से जास्त तयार होतात. बोर्ड विकले जात नाहीत, म्हणून किस्से तरी सांगते!

बोर्डचं डिझाइन हेमंतभाऊंचं, सोल्डरिंग माझं. मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला की शेतातला पंप चालू किंवा बंद होतो. कंपनीच्या बोर्डपेक्षा निम्म्या किमतीत. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वीस विकले नाहीत, तर हेमंतभाऊ पुन्हा पुण्याला नोकरीवर जाणार होते. वहिनींनी ऑफर लेटरची प्रिंट काढून वर्कशॉपच्या भिंतीलाच चिकटवली होती.

*

पहिलं गिऱ्हाईक पारोळ्याकडचे नाना. त्यांनी बोर्ड तळहातावर घेऊन वरखाली केला.

"यामा काय शे भाऊ? हलकं शे."

"नाना, आत चिप आहे. ती हलकीच असते."

"मंग भारी डबामा घाल."

आम्ही तोच बोर्ड जुन्या स्टार्टरच्या लोखंडी डब्यात बसवला. नानांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच घेतला.

*

इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी बोर्ड फार आवडला. "सर, मस्त आहे! पण याचा रेडिमेड प्रोग्राम नेटवर सापडत नाही."

हेमंतभाऊंनी चार दिवस बसून दहा प्रोग्राम लिहिले आणि फुकट वाटले. पोरांनी त्यात थोडी खाडाखोड केली आणि कंपनीच्या बोर्डवर चालवले.

*

धुळ्याचा दुकानदार म्हणाला, "स्वस्त आहे, म्हणून लोक घाबरतात. किंमत वाढवा."

वाढवली. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन. "आता लोक म्हणतात, एवढे द्यायचे तर कंपनीचाच का नको?"

*

नानांच्या दोन विहिरी. एकीवर आमचा बोर्ड, दुसरीवर कंपनीचा. मार्चमध्ये चोरी झाली. चोरांनी कंपनीचा नेला. आमचाही काढला होता, पण पाहून तिथेच कट्ट्यावर नीट ठेवून गेले. डबासुद्धा नेला नाही.

हेमंतभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. "ताई, चोरालाही नको?" एवढंच म्हणाले. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून फार वाईट वाटलं.

नानांनी आमचा पुन्हा जोडला आणि दुसऱ्या विहिरीवर कंपनीचा नवा आणला.

*

आखाजी चार दिवसांवर आली. विकले होते अकरा. हेमंतभाऊ पुण्याला होकार कळवायला बसले, तेवढ्यात नानांचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"हेमंत, रातले तुना बोर्ड चोरी गया."

"आणि कंपनीचा?"

"तो तठेच शे. त्याले हात बी नही लाया."

हेमंतभाऊ उठून उभेच राहिले. "नाना, नक्की आपलाच नेला ना?"

"दोनदा देखी उनू." नाना दोनदा जाऊन पाहून आले होते.

त्यांनी भिंतीवरचं ऑफर लेटर काढलं, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मग फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "नाना, पोलिसात तक्रार द्या. फक्त बोर्डचं नाव पूर्ण लिहायला लावा."